रिकाम्या घराचे वारस

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



ओसाड पडलेल्या इमारतीत चित्रकाराने किंवा शिल्पकाराने शिरावे, तिच्या भिंती रंगवाव्यात, तिला छपरापासून पायापर्यंत चिरावे किंवा आतून तिचा साचा काढावा, चार-सहा आठवडे लोकांनी ती पाहावी आणि मग ठरल्याप्रमाणे तिच्यावर घण पडावा, असा एक कलाप्रकार गेल्या पन्नास वर्षांत पाश्चात्त्य शहरांतून रूढ झाला आहे. भाडेकरूंचे तंटे, झोपडपट्ट्यांचे पाणी आणि बंद गिरण्यांच्या जमिनी यांत ज्याचा दिवस जातो त्या कार्यकर्त्याला हा विषय चैनीचा वाटण्याचा संभव आहे. कलावंतांचे खेळ कलावंतांना लखलाभ, असे म्हणून तो पान उलटील. परंतु या कलेचा कच्चा माल रिकामी इमारत हा आहे, आणि रिकामी इमारत आकाशातून पडत नाही. तिच्यात कोणी तरी राहत होते किंवा राबत होते. कोणी तरी त्यांना बाहेर काढले. आणि कोणी तरी पुढच्या बांधकामाचा परवाना हाती येण्याची वाट पाहत बसलेले असते. कलावंताला जे चार-सहा आठवडे मिळतात ते या दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मधले. तेव्हा ही कला त्या माणसांना उजेडात आणते की त्यांच्यावर रंगाचा हात फिरवते, हा प्रश्न कलासमीक्षकांवर सोपवून भागण्यासारखा नाही. रेषा, अवकाश आणि प्रकाश यांची चर्चा त्यांनी अवश्य करावी. घर कोणाचे होते, ही चौकशी मात्र चळवळीचीच आहे.

या प्रकाराचा आद्य पुरुष म्हणून ज्याचे नाव घेतले जाते तो गॉर्डन मॅटा-क्लार्क १९४३ साली न्यूयॉर्कमध्ये जन्मला आणि १९७८ साली, वयाच्या अवघ्या पस्तिसाव्या वर्षी, कर्करोगाने गेला. वडील रॉबेर्तो मॅटा हे चिली देशातले नामवंत अतिवास्तववादी चित्रकार. मुलाने कॉर्नेल विद्यापीठात वास्तुशास्त्राचे रीतसर शिक्षण घेतले आणि मग इमारती बांधण्याऐवजी त्या कापण्याचे काम पत्करले. त्याच्या तारुण्यातले न्यूयॉर्क आज पर्यटकांना दाखवले जाते ते न्यूयॉर्क नव्हते. कारखाने शहर सोडून चालले होते आणि १९७५ साली महापालिका दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर आली होती. दक्षिण ब्राँक्स या भागात कृष्णवर्णी आणि पोर्टो रिकोहून आलेल्या कष्टकऱ्यांची वस्ती होती. बँकांनी नकाशावर रेघा ओढून अशा वस्त्यांना कर्ज देणे बंद केले होते. दुरुस्ती करण्यापेक्षा इमारत सोडून देणे घरमालकाला स्वस्त पडू लागले, आणि पुष्कळदा विम्याच्या रकमेसाठी ती पेटवून देणे त्याहून किफायतशीर ठरले. नेमक्या त्याच काळात काटकसरीच्या नावाखाली महापालिकेने त्या भागातली अग्निशामक केंद्रे बंद केली. १९७७ च्या ऑक्टोबरात अध्यक्ष जिमी कार्टर ब्राँक्समधल्या शार्लट स्ट्रीटवर जाऊन उभे राहिले, तेव्हा त्यांच्या भोवती पाडलेल्या आणि जळालेल्या घरांच्या विटांचे ढीग पसरले होते. युद्ध न होता शहराची अशी दशा करून दाखवण्याचा पराक्रम मुक्त बाजारपेठेच्या नावावर जमा आहे.

या जळक्या, सोडून दिलेल्या इमारतींत मॅटा-क्लार्क १९७२-७३ मध्ये हातात करवत घेऊन शिरू लागला. परवानगी नव्हती, मागायची तरी कोणाकडे? तो जमिनीचे आणि भिंतीचे चौकोनी तुकडे कापून काढी. वरच्या मजल्यावरच्या भोकातून खालच्या मजल्यावरची खोली दिसे. कापलेल्या तुकड्यात लिनोलियमचे थर, तुळया आणि भिंतीवरच्या कागदांचे एकावर एक बसलेले पदर स्पष्ट दिसत. कितीतरी कुटुंबे तिथे येऊन गेल्याचा तो दाखलाच होता. ते तुकडे पुढे कलादालनात मांडले गेले. येथे पहिली शंका घ्यावी लागते. ज्या जमिनीवर कोणाची मुले रांगली ती जमीन दालनात आली, तिच्यावर कलावंताचे नाव आले. ज्यांची मुले रांगली त्यांचे नाव मात्र कुठेच आले नाही.

हीच शंका त्याच्या सर्वांत गाजलेल्या कामाबद्दल अधिक तीव्रतेने घ्यावी लागते. १९७४ साली न्यू जर्सी राज्यातल्या एंगलवूड या गावी त्याला एक दुमजली लाकडी घर मिळाले. घराचे मालक कलादालन चालवणारे जोडपे होते. त्यांनी ते जमिनीवर डोळा ठेवून घेतले होते आणि घर पाडलेच जाणार होते. भाडेकरूंना बाहेर काढण्यात आले होते आणि त्यांच्या पुष्कळशा वस्तू घरातच पडून होत्या. मॅटा-क्लार्कने यांत्रिक करवतीने घराच्या मधोमध, छपरापासून तळापर्यंत, दोन समांतर काप घेतले आणि मधला भाग काढून टाकला. मग घराचा अर्धा भाग जॅकवर उचलून धरला, त्याखालचा पाया तिरका तासला आणि तो अर्धा भाग हळूहळू खाली टेकवला. घर मधोमध उकलले. वर रुंद आणि खाली निमुळती अशी फट पडली आणि जिन्यावर, स्वयंपाकघरात, निजायच्या खोलीत उन्हाची एक पट्टी उतरली. छपराचे चार कोपरेही त्याने कापून घेतले. काही महिन्यांतच घर पाडण्यात आले. आज शिल्लक आहेत ती छायाचित्रे, एक चित्रफीत आणि ते चार कोपरे. सॅन फ्रान्सिस्कोच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयात ते जपून ठेवलेले आहेत.

या कामात दृष्टीला खिळवून ठेवणारे सामर्थ्य आहे, हे छायाचित्रे पाहणाऱ्या कोणालाही मान्य करावे लागेल. मध्यमवर्गीय अमेरिकन माणसाच्या साऱ्या स्वप्नांचे मंदिर असे जे स्वतंत्र घर, ते भाकरीसारखे मोडून दाखवलेले आहे. शिवाय मॅटा-क्लार्क आपल्या कामाला घरभाड्याच्या आणि मालमत्तेच्या राजकारणापासून वेगळे मानत नव्हता, हेही नमूद केले पाहिजे. तरीही दोन गोष्टी राहतात. ज्यांनी भाडेकरू काढले त्यांच्याच मेहेरबानीने कलावंताला घर मिळाले. आणि क्षणिक म्हणून जिची थोरवी गायिली जाते त्या कलेतले क्षणिक काय ठरले, तर घर आणि त्यातला संसार. कोपरे चिरंजीव झाले. भांडवली व्यवस्थेची पचनशक्ती अशी आहे की घर गिळून ती त्याचे कोपरेही संग्रही ठेवू शकते.

मॅटा-क्लार्कला स्वतःला हे पचनाचे सोपेपण खुपत असावे, असे त्याच्या पुढच्या वाटचालीवरून दिसते. १९७५ साली त्याने न्यूयॉर्कच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या ५२ क्रमांकाच्या धक्क्यावरील पत्र्याच्या प्रचंड बेवारस गोदामाला नदीच्या बाजूने चंद्रकोरीसारखी भोके पाडली आणि मावळतीचा प्रकाश आत घेतला. या वेळी मालक महापालिका होती आणि परवानगी नव्हती. म्हणून त्याच्यावर वॉरंट निघाले. वर्षानुवर्षे त्या गोदामाची वास्तपुस्त न करणाऱ्या महापालिकेला मालकीची आठवण झाली ती भोक पडल्यावर. प्रकरण पुढे मिटले आणि १९७९ साली गोदाम पाडले गेले. गंमत अशी की २०२१ साली त्याच जागी डेव्हिड हॅमन्स या कृष्णवर्णी कलावंताने त्या गोदामाची पोलादी रेषाकृती कायमस्वरूपी उभी केली. समोर व्हिटनी संग्रहालयाची भव्य इमारत आहे आणि भोवतालच्या घरांची भाडी सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर गेली आहेत. हॅमन्सच्या आकृतीला भिंती नाहीत, छप्पर नाही. नुसता सांगाडा आहे. गेलेल्या वस्तूचे याहून प्रामाणिक स्मारक सहसा आढळत नाही.

१९७६ च्या डिसेंबरात घडलेला प्रसंग मात्र या सर्वांहून अधिक बोलका आहे. न्यूयॉर्कमधल्या वास्तुशास्त्र व नगररचना यांच्या एका प्रतिष्ठित संस्थेने भरवलेल्या प्रदर्शनात मॅटा-क्लार्कला निमंत्रण होते. कॉर्नेलमध्ये ज्यांच्याकडून शिकावे लागले त्या परंपरेतली मंडळी तिथे होती. ब्राँक्समधल्या इमारतींच्या फुटक्या खिडक्यांची छायाचित्रे घेऊन तो तिथे गेला आणि छऱ्यांच्या बंदुकीने त्याने संस्थेच्या खिडक्यांच्या काचा फोडल्या. संस्थेचे चालक संतापले. प्रदर्शनाचे उद्घाटन होण्यापूर्वी, त्याच दिवशी, सर्व काचा नव्याने बसवण्यात आल्या आणि मॅटा-क्लार्कचे काम वगळण्यात आले. संस्थेच्या प्रमुखांनी या कृत्याची तुलना १९३८ साली नाझींनी ज्यूंच्या दुकानांच्या काचा फोडल्या त्या रात्रीशी केली. ही तुलना फार ओढून ताणून आणलेली होती. पण काचा बसवणाऱ्यांनी नकळत या कलाकृतीला पूर्णत्व दिले. मॅनहॅटनमधली काच काही तासांत बसू शकते आणि ब्राँक्समधली वर्षानुवर्षे बसत नाही, याचा पुरावा त्यांनीच उभा केला. या कामात एकही ओसाड घर वापरलेले नव्हते; ओसाडी त्याने वसलेल्या घरात नेऊन ठेवली.

पॅरिसमधले काम याच्या एक वर्ष आधीचे. तेथे मध्यवस्तीतल्या ले आल या भागात कित्येक शतके शहराचा घाऊक भाजीबाजार भरत असे. १९६९ साली तो शहराबाहेर रँझिसला हलवण्यात आला. बाजाराचे लोखंडी मंडप १९७१ पासून पाडले गेले आणि शेजारी पोंपिदू केंद्राचे बांधकाम सुरू झाले. कलेचे हे भव्य मंदिर ज्या वस्तीच्या कडेला उठत होते ती जुनी, दाट आणि गरिबांची होती. मॅटा-क्लार्कने १९७५ साली रस्त्यालगतच्या, पाडायला काढलेल्या सतराव्या शतकातल्या दोन जोडघरांना एक तिरके, शंकूच्या आकाराचे प्रचंड भोक पाडले. रस्त्यावरून वर पाहिले की घराच्या पोटातून पलीकडे उभा राहत असलेला केंद्राचा लोखंडी सांगाडा दिसे. कोणाच्या घरातून कोणाचे मंदिर उगवते आहे, हे याहून सोप्या भाषेत सांगता आले नसते. शेजारच्या इमारतीची राखण करणाऱ्या एका वृद्ध बाईने त्याचा अर्थ आपल्या परीने लावला होता, असे मॅटा-क्लार्क सांगत असे. तिच्या मते जिथे कधी पुरेसा उजेड आणि हवा आली नाही तिथे ती आणण्याचा हा प्रयोग होता. समीक्षकांच्या कित्येक पानांपेक्षा या बाईचे म्हणणे अधिक ग्राह्य आहे. उजेड आला, पण राहणारे गेल्यावर आला. त्या घरांचे शोकगीत एवढ्यात सामावते.

त्याच वर्षी इटलीत जे घडू शकले नाही ते चळवळीच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे आहे. मिलान शहराला लागून असलेले सेस्तो सान जोव्हान्नी हे पोलादाच्या आणि यंत्रांच्या कारखान्यांचे गाव. तेथील कामगार चळवळीच्या बळामुळे त्याला इटलीचे स्टालिनग्राड म्हणत. मॅटा-क्लार्क कापण्याजोगी इमारत शोधत तिथल्या एका बंद कारखान्यात गेला, तर कारखाना रिकामा नव्हता. कम्युनिस्ट तरुणांच्या एका गटाने तो ताब्यात घेतला होता आणि ते पाळीपाळीने त्यावर पहारा देत होते. ही जागा जमिनीच्या दलालांच्या घशात जाऊ नये आणि वस्तीच्या उपयोगाचे केंद्र तिथे व्हावे, ही त्यांची मागणी होती. मॅटा-क्लार्कने त्यांच्यासाठी त्या इमारतीत कामगारांचे विजयतोरण कोरण्याची योजना आखली. ती पार पडण्यापूर्वीच पोलिसांनी जागा खाली करून घेतली.

न झालेल्या या कामाने त्याच्या विचाराला दिलेले वळण झालेल्या कामांनी दिले नव्हते. रिकाम्या, टाकून दिलेल्या इमारतींशी एकट्याने झुंजण्यापेक्षा जिथे माणसे राहतात आणि जागेसाठी झगडतात तिथे त्यांच्याबरोबर काम करावे, असे त्याला वाटू लागले. न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइड भागात पोर्टो रिकन तरुणांना घेऊन पडक्या इमारतींच्या साहित्यातून बांधकाम शिकवणारे केंद्र काढण्याची त्याची योजना त्यातूनच आली. मृत्यूने ती अर्धवट राहिली. त्याचे चरित्र लिहिणारे फटीतल्या उन्हाविषयी पानेच्या पाने खर्च करतात आणि सेस्तोला एका परिच्छेदात वाटेला लावतात. हा तोल बदलायला हवा.

यापुढे लंडन. शहराच्या पूर्व भागातल्या गोद्या १९६० च्या अखेरीपासून १९८१ पर्यंत एकामागून एक बंद झाल्या. गोदीत राबणाऱ्यांची पिढी बेकार झाली. नगरपालिकांची भाड्याची घरे १९८० च्या कायद्याने विकायला काढण्यात आली आणि त्यांच्या जागी नवी घरे फारशी बांधली गेली नाहीत. गोदीच्या जमिनीवर बँकांचे मनोरे उभे राहिले. बो या भागात ग्रोव्ह रोडवर भिंतीला भिंत लावून बांधलेल्या कामगारांच्या घरांची एक ओळ होती. बाग करण्यासाठी नगरपालिकेने ती एकेक करून पाडली. शेवटचे घर राहिले ते एका निवृत्त गोदी कामगाराचे. त्याने जागा सोडायला दीर्घकाळ नकार दिला होता. अखेर दुसरीकडे घर मिळाल्यावर तो गेला. ते घर रॅचेल व्हाइटरीड या तरुण शिल्पकर्तीने तात्पुरते मागून घेतले. आतल्या सर्व भिंतींवर पोलादी जाळी बांधून काँक्रीट फवारले, ते घट्ट झाल्यावर बाहेरची विटांची भिंत आणि छप्पर उतरवले. उरला तो घराच्या पोकळीचा ठोकळा. जिथे हवा होती तिथे काँक्रीट, जिथे चूल होती तिथे फुगवटा, विजेच्या बटणांचे आणि दाराच्या कड्यांचे उलटे ठसे. आत जाता येईना; कारण आत असे काही उरलेच नव्हते.

हे काम १९९३ च्या ऑक्टोबरात पुरे झाले. त्याच्या पाच-सहा आठवडे आधी, १६ सप्टेंबरला, टॉवर हॅम्लेट्स या त्याच नगरपालिकेच्या मिलवॉल प्रभागातली पोटनिवडणूक ब्रिटिश नॅशनल पार्टी या उघड वंशवादी पक्षाने अवघ्या सात मतांनी जिंकली होती. घरे अपुरी होती. ती कोणामुळे अपुरी आहेत हे सांगण्याऐवजी बांगलादेशी शेजाऱ्याकडे बोट दाखवणे या पक्षाला सोपे गेले. व्हाइटरीडच्या काँक्रीटवर कोणी रंगाने लिहिले, काळ्यागोऱ्या सर्वांना घरे द्या. आणखी कोणी विचारले, हे कशासाठी? त्याखाली तिसऱ्याने उत्तर लिहिले, का नको? लंडनच्या कोणत्याही कलादालनाच्या अभिप्रायवहीत एवढी नेमकी चर्चा सापडणार नाही.

२३ नोव्हेंबर १९९३ रोजी व्हाइटरीडला टर्नर पारितोषिक मिळाले आणि त्याच दिवशी स्थानिक नगरसेवकांनी घराचे आयुष्य वाढवून देण्यास नकार दिला. ११ जानेवारी १९९४ रोजी ते पाडण्यात आले. ज्या शेवटच्या रहिवाशाचे ते घर, त्याला ही कलाकृती पसंत नव्हती. वर्तमानपत्रांनी त्याच्या नापसंतीचा उपयोग शिल्पकर्तीची टिंगल करण्यासाठी केला. त्याच्या हकालपट्टीच्या वेळी मात्र त्यांतल्या कितींनी चार ओळी छापल्या होत्या, हे विचारण्यासारखे आहे. त्या गृहस्थाची नापसंती समजण्यासारखी आहे. आपण जिथे राहिलो ती जागा दगड होऊन आपल्यासमोर उभी राहणे कोणाला आवडेल? पण ग्रोव्ह रोडवरची बाकीची सारी घरे मुकाट्याने गेली. हे एकच घर जाताना संसदेपर्यंत चर्चा झाली. व्हाइटरीडने भिंती रंगवून वस्तीची शोभा वाढवली नाही. राहण्याची जागा नाहीशी होते म्हणजे काय होते, एवढेच तिने भरीव करून दाखवले. या सबंध कलाप्रकारात चळवळीने निःशंकपणे जवळ करावे असे हे एक काम आहे.

त्यानंतरची लंडनची कहाणी कमी उदात्त आहे. २००८ साली ब्रिटनमध्ये नियम बदलले आणि रिकाम्या व्यापारी जागांवर तीन महिन्यांनंतर, औद्योगिक जागांवर सहा महिन्यांनंतर, पूर्ण कर बसू लागला. जागा धर्मादाय संस्थेला दिली तर मात्र ऐंशी टक्के सवलत. ओसाड दुकानांतून आणि गोदामांतून कलावंतांच्या धर्मादाय संस्थांचे पीक आले त्यात या हिशेबाचा मोठा वाटा होता. कलावंत फुकट पहारा करतो, जागेला नाव मिळवून देतो, आणि सांगितल्या दिवशी निमूट उठून जातो. मालकाला याहून आदर्श भाडेकरू कोठे मिळणार! २०१२ च्या १ सप्टेंबरपासून इंग्लंडमध्ये रिकाम्या राहत्या घरात शिरून राहणे हा फौजदारी गुन्हा ठरला. म्हणजे त्याच रिकाम्या घरात चित्र काढायला आलेला पाहुणा आणि निजायला आलेला गुन्हेगार, अशी कायद्याने विभागणी केली. यात कलावंताचा दोष नाही. तोही बहुधा भाडे न परवडणाराच असतो, आणि न्यूयॉर्कच्या सोहो भागात घडले तसे, त्याच्यामुळे वस्तीची किंमत वाढली की त्यालाही हाकलले जाते. तरीही तो कोणाच्या बाजूने उभा केला जात आहे, याचे भान त्याने ठेवले पाहिजे.

हे भान रहिवाशांनी करून दिल्याचे एक उदाहरण दक्षिण लंडनमध्ये आहे. हेगेट वसाहत १९७४ साली पुरी झाली. तेथील बाराशेच्या आसपास घरे नगरपालिकेने रिकामी करवून जमीन एका विकासक कंपनीला दिली. नव्या योजनेत अडीच हजार घरे होती, पण सुरुवातीच्या मंजुरीत जुन्या पद्धतीच्या स्वस्त भाड्याची घरे शंभराहूनही कमी होती. २०१३ साली तिथल्या एका इमारतीचे साहित्य वापरून पिरॅमिड रचण्याची योजना एका नामवंत कलासंस्थेने मांडली. हीच संस्था वीस वर्षांपूर्वी व्हाइटरीडच्या पाठीशी होती आणि कलावंत माइक नेल्सन हाही गुणी माणूस. जुन्या रहिवाशांनी आणि त्यांच्या पाठिराख्यांनी विरोध केला. आमच्या घरांच्या थडग्यावर तुमचे देखणे स्मारक नको, असा त्यांच्या विरोधाचा आशय होता. योजना सोडून देण्यात आली. कलास्वातंत्र्याचा गळा घोटला अशी तक्रार काहींनी केली. तिच्यात तथ्य नाही. ज्यांनी घर गमावले त्यांना त्याच्या विटांबद्दल बोलण्याचा अधिकार कलावंताहून आधीचा आहे.

कायदा हे मानत नाही. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात पाण्याचे मीटर बनवण्याचा एक जुना कारखाना होता. १९९० नंतर मालकाच्या संमतीने त्याच्या भिंतींवर चित्रे काढली जाऊ लागली आणि 'फाइव्ह पॉइंट्स' या नावाने ही जागा जगभर प्रसिद्ध झाली. जमिनीचा भाव वाढला. २०१३ च्या नोव्हेंबरात एका रात्री मालकाने सर्व चित्रांवर पांढरा रंग फासला आणि पुढच्या वर्षी इमारत पाडून हजारावर सदनिकांचे मनोरे उठवले. कलावंत न्यायालयात गेले. दृश्यकलावंतांच्या हक्कांविषयीच्या १९९० च्या कायद्याखाली २०१८ साली एकवीस कलावंतांना पंचेचाळीस चित्रांबद्दल प्रत्येकी दीड लाख, म्हणजे एकूण साडेसदुसष्ट लाख डॉलर भरपाई मिळाली. हा निकाल २०२० साली वरच्या न्यायालयांतही टिकला. निकाल स्वागतार्हच आहे. मालकाची मनमानी कोठे तरी अडली. पण त्याच भिंतीच्या आत पिढ्यान्‌पिढ्या मीटर घडवणाऱ्या कामगारांचा त्या भिंतीवर काही हक्क असेल, ही कल्पनाही त्या कायद्याच्या कोणत्या कलमात बसत नाही. भिंतीवरच्या रंगाला वारस आहे, भिंतीला फक्त मालक आहे.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाही तर चित्र एकांगी होईल. पॅरिसच्या तेराव्या विभागात सेन नदीकाठी स्वस्त भाड्याच्या घरांचा एक मनोरा पाडायचा ठरला. २०१३ च्या ऑक्टोबरात तो महिनाभर शंभरावर चित्रकारांनी आतून-बाहेरून रंगवलेल्या स्थितीत लोकांना विनामूल्य खुला होता आणि बाहेर तासन्‌तास रांगा लागत. पुढच्या वर्षी तो पाडला. इमारत सामाजिक गृहनिर्माण संस्थेची होती आणि तिच्या जागी पुन्हा सामाजिक घरेच बांधण्याचे ठरलेले होते. तिथे क्षणिक कला खरोखर उत्सवासारखी झाली, कारण उत्सवानंतर घर कोणाला मिळणार याबद्दल फसवणूक नव्हती. रंगांचा दर्जा बाजूला ठेवला तरी हा फरक मूलभूत आहे.

मुंबईला हा विषय परका राहिलेला नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात अडीच लाख गिरणी कामगार उतरले. नंतर गिरण्या एकामागून एक ओस पडल्या. १९९१ च्या नियमाने त्यांच्या जमिनीचा एक तृतीयांश वाटा शहराच्या मोकळ्या जागांसाठी आणि एक तृतीयांश स्वस्त घरांसाठी ठेवला होता. २००१ च्या दुरुस्तीने तो हिशेब फक्त बांधकाम नसलेल्या जमिनीपुरता उरवला आणि २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. ओस शेडमधून चित्रपटांची चित्रीकरणे झाली; कुलाब्याच्या मुकेश मिलचे भग्न अवशेष तर त्यासाठीच प्रसिद्ध झाले. २०१७ साली ससून डॉकच्या गोदामांतून कलाप्रदर्शन भरले. कोळी समाजाच्या स्त्रीपुरुषांच्या मोठमोठ्या प्रतिमा तिथे भिंतींवर लागल्या आणि एरवी मासळीच्या वासाने नाकाला रुमाल लावणारे मुंबईकर हौसेने आत शिरले. हे चांगले झाले. बंदराच्या ताब्यातल्या पूर्व किनाऱ्याच्या जमिनींच्या पुनर्विकासाची बोलणी त्याच सुमारास चालू होती, हेही त्याच भिंतीवर कोणी लिहिले असते तर अधिक चांगले झाले असते.

उद्या एखाद्या उरल्यासुरल्या गिरणीच्या भिंती रंगवण्याचा प्रस्ताव येईल. लालबाग-परळच्या कार्यकर्त्यांनी त्याला सरसकट विरोध करण्याचे कारण नाही. जमीन कोणाच्या नावे आहे, रंग वाळल्यावर तिथे काय बांधणार आणि त्यात किती घरे कोणासाठी, हे भिंतीवरच, चित्राच्या शेजारी, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत लिहिण्याची अट त्यांनी घालावी. सच्च्या कलावंताला ती जाचक वाटणार नाही. घरासाठी गिरणी कामगारांचे आणि त्यांच्या वारसांचे दीड लाखांहून अधिक अर्ज शासनाकडे आलेले आहेत आणि त्यांतल्या फार थोड्यांना घर मिळाले आहे. २०२५ च्या जुलैत हे कामगार आणि वारस आझाद मैदानावर जमले होते. शेलू आणि वांगणीला देऊ केलेली घरे नकोत, मुंबईतच हवीत, ही त्यांची मागणी होती.